घरच्या संगणकातील हेर व दवंडीवाले : ओळख आणि उच्चाटन

व्यापाऱ्याची वही हा त्याच्या पेढीचा प्राण होय. बेळगावच्या रविवार पेठेतील धान्याची अडत असो, शहापुरातील कापडाचे दुकान असो किंवा निपाणीतील तंबाखूची वखार असो, कीर्द व खतावणी परक्याच्या दृष्टीस पडू नये हा दंडक आमच्या वाडवडिलांनी कसोशीने पाळला. वहीत केवळ आपलेच आकडे नसतात. कोणाकडे किती येणे आहे, कोणाची उधारी किती दिवस थकली आहे, कोणत्या कुटुंबाने अडचणीच्या वेळी दागिना ठेवून रक्कम उचलली, ही दुसऱ्यांची झाकली मूठही तीत असते. म्हणून वही उघडी टाकणारा मुनीम हा नुसता निष्काळजी नव्हे, तर विश्वासघातकी गणला जाई.

आज ती वही लाल कापडाच्या बासनात राहिलेली नाही. ती संगणकात गेली आहे, आणि पुष्कळ सभासदांच्या बाबतीत तो संगणक दुकानाबरोबर घरीही आहे. रात्री टॅलीतील नोंदी पुऱ्या करणे, वस्तू व सेवा कराचे विवरणपत्र भरणे, बँकेतून रक्कम पाठविणे ही कामे घरच्या मेजावर होतात. त्याच यंत्रावर मुले अभ्यास करतात व खेळ खेळतात, गृहिणी वीजबिल भरतात, वडील मंडळी प्रवचने ऐकतात व शिखरजीच्या यात्रेची तिकिटे काढतात. दार एकच, आणि त्यातून जा-ये करणारी माणसे अनेक. अशा घरात हेर शिरला, तर तो कोणाच्या पाठोपाठ आला हेही चटकन कळत नाही. म्हणून स्पायवेअर व अ‍ॅडवेअर या दोन उपद्रवांची ओळख आणि त्यांचे उच्चाटन यांविषयी सभासद बंधु-भगिनींपुढे काही विचार मांडावेत, असे आम्ही योजिले आहे.

दोघांचे स्वरूप

अ‍ॅडवेअर हा दवंडीवाला होय. तो आपल्या संगणकात ठाण मांडून बसतो व आपण मागितल्यावाचून जाहिराती दाखवितो. आपण एक पान उघडावे तर तो दुसरे उघडतो. आपण एका दुकानाची चौकशी करावी तर तो भलत्याच दुकानाच्या दारात नेऊन उभे करतो. प्रत्येक जाहिरातीमागे त्याच्या धन्याला काही पैसे मिळतात. त्याचा धंदा तो एवढाच.

स्पायवेअर हा हेर होय. तो गाजावाजा करीत नाही. आपण कोणती पाने पाहतो, कोणते शब्द शोधतो, कळफलकावर काय टंकतो याची तो टिपणे ठेवतो आणि ती दूरवर धन्याकडे पाठवितो. यांतील एका जातीला कीलॉगर म्हणतात; ती प्रत्येक कळ नोंदविते, त्यामुळे बँकेचा पासवर्ड टंकताक्षणी परक्याच्या हाती जातो. दुसरी जात इन्फोस्टीलर नावाने ओळखली जाते. ब्राउझरने आपल्या सोयीसाठी जपून ठेवलेले पासवर्ड, कार्डांचे क्रमांक आणि ‘हा ग्राहक आत आलेला आहे’ असे सांगणाऱ्या कुकी नामक खुणेच्या चिठ्ठ्या ती काही क्षणांत गोळा करून पळविते. या चिठ्ठ्या हाती आल्या, की कित्येकदा पासवर्ड वा ओटीपी न विचारताच चोराला खात्यात शिरता येते.

अ‍ॅडवेअर म्हणजे केवळ त्रास आणि स्पायवेअर म्हणजे खरा धोका, असा भेद पुष्कळजण करतात. तो आम्हांस पुरता मान्य नाही. नेमकी जाहिरात दाखवावयाची तर ग्राहकाची आवडनिवड ठाऊक हवी, आणि ती ठाऊक करून घ्यावयाची तर पाळत ठेवावयास हवी. त्यामुळे दवंडीवाला हा बहुधा अर्धा हेर असतोच. शिवाय तो ज्या दाराने आला ते दार तो उघडेच ठेवतो. याची साक्ष इतिहास देतो.

मागील पंचवीस वर्षांचा अनुभव

हे प्रकरण आजकालचे नव्हे. या शतकाच्या आरंभी गेटर नावाचा एक प्रोग्राम अमेरिकेत फार पसरला होता. पासवर्ड लक्षात ठेवणे व अर्ज आपोआप भरून देणे ही सेवा तो फुकट करी, आणि मोबदल्यात आपण कोणत्या पानावर आहोत हे पाहून त्या पानावर आपल्या गिऱ्हाइकांच्या जाहिराती झळकावी. स्वतःच्या पानांवर परक्याची दवंडी पिटली जाते हे पाहून तेथील मोठ्या वृत्तपत्र-प्रकाशकांनी २००२ साली त्याच्यावर दावा लावला, व २००३ मध्ये तडजोड झाली. झँगो नावाच्या दुसऱ्या जाहिरात-कंपनीने लोकांच्या संमतीवाचून त्यांच्या संगणकांत प्रोग्राम घुसविल्याचा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने केला, आणि २००६ साली त्या कंपनीने ३० लाख डॉलर देऊन प्रकरण मिटविले.

२००५ साली तर विकत घेतलेल्या वस्तूतूनच उपद्रव आला. सोनी बीएमजी या संगीत-कंपनीच्या काही सीडी संगणकात घातल्या, की नक्कल रोखण्यासाठी म्हणून एक प्रोग्राम गुपचूप बसे व स्वतःला अशा रीतीने लपवी की मालकाला तो दिसूच नये. मार्क रुसिनोविच या तज्ज्ञाने ३१ ऑक्टोबर २००५ रोजी ही गोष्ट उजेडात आणली, आणि पुढील महिन्यात कंपनीला त्या सीडी बाजारातून परत घ्याव्या लागल्या. लपण्याची ती जागा इतर उपद्रवी प्रोग्रामांनीही वापरण्यास प्रारंभ केला होता.

सर्वांत बोधप्रद उदाहरण सुपरफिश या अ‍ॅडवेअरचे आहे. लेनोवो कंपनीने २०१४ मध्ये विकलेल्या काही लॅपटॉपांत ते कारखान्यातूनच घातलेले होते. पानांत जाहिराती घुसडता याव्यात म्हणून त्याने ब्राउझर व संकेतस्थळ यांमधील सुरक्षित व्यवहारात स्वतःला मध्यस्थ म्हणून बसविले, आणि त्यासाठी लागणारी किल्ली सर्व यंत्रांत एकच ठेवली. ती किल्ली कोणाही चोराने मिळविली, तर बँकेशी चाललेला व्यवहारही त्याला वाचता येण्याजोगा झाला. फेब्रुवारी २०१५ मध्ये हे उघडकीस आले, व २०१७ साली कंपनीने फेडरल ट्रेड कमिशनशी तडजोड केली. हेतू केवळ जाहिरातीचा होता. पण तिजोरीचे कुलूप मात्र निकामी झाले.

अलीकडे हेरगिरी हा संघटित व्यापारच झाला आहे. लुमा नावाचा इन्फोस्टीलर त्याचे कर्ते भाड्याने देत असत. मायक्रोसॉफ्टने मे २०२५ मध्ये त्याच्याविरुद्ध कारवाई केली, तेव्हा १६ मार्च ते १६ मे या दोन महिन्यांत जगभर ३,९४,००० हून अधिक विंडोज संगणकांना त्याची बाधा झाल्याचे तिने जाहीर केले.

आस्रवाची द्वारे

कर्म आत्म्यात कोणत्या वाटेने येते हे जाणल्यावाचून त्याचा क्षय करता येत नाही, असे आपले शास्त्र सांगते. संगणकाच्या बाबतीतही प्रथम आस्रवाची द्वारे पाहिली पाहिजेत. ती मुख्यत्वे सहा आहेत.

पहिले द्वार फुकट प्रोग्रामांचे. चित्रफीत उतरवून घेणे, पीडीएफ फाइल बदलणे, हवामान दाखविणे अशा किरकोळ कामांसाठी आपण एखादा प्रोग्राम घेतो. बसवीत असताना घाईघाईने ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ दाबतो. आणि मधल्या एका पानावर आधीच खूण केलेल्या चौकटीतून आणखी दोन-तीन पाहुणे आत येतात. कायद्याने पाहता संमती आपणच दिलेली असते.

दुसरे द्वार चोरीच्या प्रोग्रामांचे. हजारो रुपयांचा प्रोग्राम ‘क्रॅक’ करून फुकट मिळतो, तेव्हा तो देणारा धर्मादाय करीत नसतो. ‘अँटिव्हायरस बंद करा, मगच क्रॅक चालेल’ ही सूचना वाचून जो ती पाळतो, तो पहारेकऱ्याला सुटी देऊन चोराला आवतण धाडतो. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्यव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. चोराने आणलेला माल घेणे हा त्यांतील एक होय, व बनावट मालाचा व्यवहार हा दुसरा. ज्याने ही आज्ञा संगणकापुरती पाळली, त्याने धर्माबरोबर आपले बँकेतील खातेही राखले.

तिसरे द्वार ब्राउझरच्या एक्स्टेन्शनांचे. कूपन शोधणारे, भाव ताडून पाहणारे, चित्रे उतरविणारे हे छोटे जोडप्रोग्राम ‘सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचण्याची व बदलण्याची’ परवानगी मागतात. ती दिल्यास बँकेचे पानही ‘सर्व’ या शब्दात येते. आज चांगले असलेले एक्स्टेन्शन उद्या दुसऱ्याला विकले जाते, आणि नवा मालक त्यात वाटेल ते घालू शकतो.

चौथे द्वार सूचनांच्या परवानगीचे. ‘आपण यंत्रमानव नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा’ असे एखादे पान सांगते. ते दाबल्याने काहीच सिद्ध होत नाही. त्या पानाला आपल्या पडद्याच्या कोपऱ्यात रात्रंदिवस जाहिराती दाखविण्याचा अधिकार मात्र मिळतो. मग ‘तुमच्या संगणकात पाच व्हायरस’ अशा खोट्या धमक्या येऊ लागतात.

पाचवे द्वार याहून घातक आहे. काही बनावट पाने ‘विंडोजची कळ व आर दाबा, मग कंट्रोल व व्ही दाबा, मग एंटर दाबा’ अशा तीन पायऱ्या सांगतात. या तीन पायऱ्यांत आपण स्वतःच्या हाताने चोराची आज्ञा यंत्राला देत असतो. लुमाचा प्रसार या युक्तीनेही झाला. कोणतेही प्रामाणिक संकेतस्थळ ओळख पटविण्यासाठी असे करावयास सांगत नाही, हे घरातील प्रत्येकाने पाठ करून ठेवावे.

सहावे द्वार टपाल व दूरध्वनी यांचे. ‘थकलेले बिल’, ‘कराची नोटीस’, ‘मालाची पावती’ या नावाने आलेली जोडफाइल व्यापारी हमखास उघडतो, कारण त्याचा दिवसच बिलांत जातो. ही गोष्ट फसविणाऱ्यांना ठाऊक आहे. तसेच ‘आम्ही कंपनीतून बोलतो, तुमचा संगणक बिघडला आहे’ असे सांगून एनीडेस्कसारखा दुरून यंत्र चालविण्याचा प्रोग्राम बसवावयास लावतात. असे प्रोग्राम मुळात उपयुक्त व कायदेशीर असतात. पण अनोळखी माणसाला किल्ली दिली, तर दोष कुलपाचा नव्हे.

लक्षणे कशी ओळखावीत

अ‍ॅडवेअरची लक्षणे उघड असतात. ब्राउझरचे पहिले पान वा शोधयंत्र आपण न बदलता बदलते, व पूर्ववत केले तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच होते. ज्या पानांवर पूर्वी जाहिराती नव्हत्या, तेथे त्या दिसू लागतात. ब्राउझर बंद असतानाही कोपऱ्यात सूचना उगवतात. आपण न घातलेले एक्स्टेन्शन वा प्रोग्राम यादीत आढळतात. घरगुती यंत्रावर क्रोमच्या मेनूच्या शेवटी ‘हा ब्राउझर तुमच्या संस्थेच्या नियंत्रणाखाली आहे’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य दिसले, तर संशय घ्यावा. कारण घराला अशी संस्था नसते.

स्पायवेअरची लक्षणे सूक्ष्म असतात. काही काम चालू नसताना पंखा सतत फिरतो, इंटरनेटचा वापर वाढतो, अँटिव्हायरस आपोआप बंद पडलेला आढळतो. कित्येकदा पहिले लक्षण यंत्रात नसून खात्यात दिसते. न मागितलेला ओटीपी येतो, परगावाहून कोणी ईमेल उघडल्याची सूचना येते, किंवा आपल्या नावाने ओळखीच्यांना पैशांचे निरोप जातात. येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. संगणक मंद झाला म्हणजे त्याला बाधा झालीच असे नाही. जुनी डिस्क व अपुरी मेमरी हीही त्याची कारणे असतात. उलट, संगणक जलद चालतो म्हणजे तो निर्मळ आहे असेही नाही. इन्फोस्टीलर आपले काम आटोपून स्वतःच नाहीसा होतो, मग लक्षण राहणार कोठून?

उच्चाटनाचा क्रम

आधी संवर, मग निर्जरा हा क्रम येथेही लागू पडतो. नवीन येणे थांबविल्यावाचून जुने झाडून टाकण्यात अर्थ नाही. विंडोज असलेल्या घरगुती संगणकासाठी तो क्रम येणेप्रमाणे आहे.

प्रथम, वायफाय बंद करावे वा तार काढावी. हेराचा धन्याशी असलेला संबंध तुटतो. शुद्ध होईपर्यंत त्या यंत्रावर बँकेचे वा कराचे काम करू नये. खात्यातून पैसे गेल्याची शंका असेल, तर पुढील सर्व बाजूस ठेवून आधी दूरध्वनीवरून बँकेला कळवावे.

दुसरे, हिशेबाच्या फायली, कागदपत्रे व छायाचित्रे यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. प्रोग्राम वा त्यांच्या बसविण्याच्या फायली घेऊ नयेत. पूर्वीची चांगली प्रत असेल तर तिच्यावर ही नवी प्रत लिहू नये. दोन्ही वेगळ्या ठेवाव्यात.

तिसरे, सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅप्स’ उघडून बसविलेल्या प्रोग्रामांची यादी काढावी व ती तारखेप्रमाणे लावावी. त्रास सुरू झाला त्या सुमारास आलेले अनोळखी प्रोग्राम ‘अनइन्स्टॉल’ करावेत. नाव अनोळखी आहे एवढ्याच कारणाने काही काढू नये. यंत्राच्या छापखान्याचे, ध्वनीचे वा पडद्याचे प्रोग्रामही विचित्र नावांचे असतात. शंका असेल तेथे नाव कागदावर लिहून दुसऱ्या यंत्रावर चौकशी करावी. काढताना ‘खरेच जावयाचे का, सवलत घ्या’ अशी विनवणी आली तर तिला भुलू नये.

चौथे, कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडावा, आणि ‘स्टार्टअप’ या भागात यंत्राबरोबर आपोआप सुरू होणारे प्रोग्राम पाहावेत. जे नको ते ‘डिसेबल’ करावेत.

पाचवे, प्रत्येक ब्राउझर स्वतंत्रपणे तपासावा. ज्याचे प्रयोजन सांगता येत नाही ते प्रत्येक एक्स्टेन्शन काढावे. सूचनांच्या परवानगीची यादी उघडून अनोळखी संकेतस्थळे कमी करावीत. पुष्कळ घरांतील निम्मा त्रास येथेच संपतो. त्यानंतर ब्राउझरच्या सेटिंग्जमधील ‘रीसेट’ वापरावे. त्याने पहिले पान व शोधयंत्र मूळ स्थितीत येतात. जपून ठेवलेली पाने जात नाहीत. नेटवर्कच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रॉक्सी’ आपण न घालता चालू असेल, तर तीही बंद करावी.

सहावे, आता इंटरनेट पुन्हा जोडून ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडावी. विंडोज १० व ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर हा पहारेकरी मुळातच असतो. प्रथम त्याची माहिती अद्ययावत करावी, मग ‘फुल स्कॅन’ चालवावा. याला काही तास लागू शकतात. रात्रभर चालू ठेवला तरी चालेल. त्यानंतर ‘ऑफलाइन स्कॅन’ करावा. यात यंत्र पुन्हा सुरू होते व विंडोज जागी होण्यापूर्वीच सुमारे पंधरा मिनिटांत तपासणी होते, त्यामुळे लपून बसणाऱ्यांना लपण्यास अवसर मिळत नाही. तेथेच ‘अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोल’ या भागात नको असलेले प्रोग्राम अडविण्याची सोय आहे. ती चालू आहे ना हे पाहावे.

सातवे, दुसऱ्या वैद्याचे मत घ्यावे. मालवेअरबाइट्सचे अ‍ॅडवक्लीनर हे साधन अ‍ॅडवेअरसाठी विनामूल्य मिळते. भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २१ फेब्रुवारी २०१७ रोजी सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राने पुण्याच्या क्विक हीलसारख्या भारतीय कंपन्यांची सफाईची साधने जनतेला विनामूल्य उपलब्ध करून दिली. साधन कोणतेही घ्यावे, पण ते त्याच्या कर्त्याच्याच संकेतस्थळावरून घ्यावे. शोधयंत्राच्या माथ्यावरील जाहिरातीतून घेऊ नये. सफाईच्या नावाने विष विकणारेही याच बाजारात बसले आहेत. सतत पहारा करणारे दोन अँटिव्हायरस एकाच यंत्रात ठेवू नयेत. ते एकमेकांच्या पायांत येतात.

आठवे, एवढे करूनही उपद्रव परतला, किंवा इन्फोस्टीलर आढळला, तर मन घट्ट करून विंडोज नव्याने बसवावी. सेटिंग्जमधील ‘रीसेट धिस पीसी’ व त्यातील ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ हा तो मार्ग होय. मात्र त्यापूर्वी हिशेबाची प्रत सुरक्षित आहे व दुसऱ्या यंत्रावर उघडते, याची खात्री करून घ्यावी.

यंत्र शुद्ध झाले, आता खाती

येथे पुष्कळजण थांबतात, व येथेच घात होतो. हेर घराबाहेर गेला तरी त्याने नेलेल्या किल्ल्या त्याच्याकडेच असतात. म्हणून शुद्ध यंत्रावरून पासवर्ड बदलावेत. त्यांतही ईमेलचा पहिला. कारण इतर सर्व खात्यांचे विसरलेले पासवर्ड ईमेलवरूनच परत मिळतात. मग बँक, मग जीएसटी व आयकर, मग इतर. प्रत्येक खात्यात ‘सर्व उपकरणांवरून बाहेर पडा’ अशा अर्थाची सोय असल्यास ती वापरावी, म्हणजे चोरलेल्या कुकीच्या चिठ्ठ्या रद्द होतात. ईमेलमध्ये आपली पत्रे परस्पर दुसऱ्याकडे धाडण्याचा नियम कोणी घातला आहे का, तेही पाहावे. जेथे मिळते तेथे दुहेरी पडताळणी चालू करावी.

पैसे गेले असतील, तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर विनाविलंब तक्रार करावी व केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावर ती नोंदवावी. येथे घटकेला मोल आहे. रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात व तेथून तिसऱ्यात जाण्यापूर्वी ती अडविता आली, तरच परत मिळण्याची आशा. रिझर्व्ह बँकेनेही ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात, जेथे दोष बँकेचा नाही व ग्राहकाचाही नाही अशा फसवणुकीत, तीन कामकाजाच्या दिवसांच्या आत कळविणाऱ्या ग्राहकावर तोशीस ठेवली नव्हती. दुसऱ्याच्या संगणकात परवानगीवाचून असा उपद्रवी प्रोग्राम घालणे हे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ खाली भरपाईस पात्र आहे, व ते अप्रामाणिक हेतूने केल्यास कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कारावास वा पाच लाख रुपयांपर्यंत दंड वा दोन्ही होऊ शकतात. तेव्हा तक्रार करण्यात संकोच बाळगू नये.

पुन्हा न येण्यासाठी

शक्य असेल त्या घरी हिशेबाचा व बँकेचा संगणक निराळा ठेवावा. ते जमत नसेल, तर एकाच यंत्रात प्रत्येकाचे वेगळे खाते करावे, आणि रोजच्या वापराचे खाते ‘स्टँडर्ड’ प्रकारचे असावे. त्यात बसून नवा प्रोग्राम यंत्रभर पसरवावयाचा तर बहुधा चालकाचा पासवर्ड लागतो, आणि तो विचारला जाताच घरातील जाणते माणूस सावध होते. विंडोजच्या दुरुस्त्या आल्या की त्या घ्याव्यात. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. वेगळी नोंदणी करून मिळणारी वाढीव मुदत सोडली, तर तिला सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या मिळणे थांबले. अशा यंत्रावर बँकेचे काम करणे म्हणजे मोडक्या कवाडाच्या वखारीत माल ठेवणे होय. हिशेबाची प्रत दर आठवड्यास घ्यावी, आणि घेऊन झाली की ती डिस्क यंत्रापासून सोडवून कपाटात ठेवावी.

या साऱ्याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे, आणि ती यंत्राची नसून घराची आहे. आजोबांनी एखादी खोटी धमकी खरी मानून कळ दाबली, किंवा मुलाने खेळासाठी क्रॅक उतरविला, तर ते सांगावयास भितात. कारण आपण हसतो वा रागावतो. त्या भीतीने गेलेले दोन दिवस हेराला पुरे होतात. ‘काही विचित्र दिसले तर सांग, कोणी रागावणार नाही’ हे वचन ज्या घरात पाळले जाते, त्या घरात कोणत्याही विकत घेतलेल्या पहारेकऱ्याहून चांगला पहारा असतो. क्षमा हा आपल्याकडे वर्षातून एक दिवस उच्चारावयाचा शब्द नव्हे. संगणकाच्या बाबतीत तर ती रोखठोक उपयोगाची आहे.

परिग्रह-परिमाणाचे व्रतही येथे कामास येते. जितके प्रोग्राम अधिक, तितकी द्वारे अधिक. म्हणून महिन्यातील एक चतुर्दशी ठरवून घ्यावी. त्या दिवशी अर्धा तास काढून प्रोग्रामांची यादी, एक्स्टेन्शनांची यादी व सूचनांच्या परवानग्या पाहाव्यात, आणि ज्यांचे प्रयोजन उरले नाही त्यांचा त्याग करावा. दिवसभरातील दोषांची आठवण करण्याची सवय ज्या समाजाला प्रतिक्रमणाने लाविली आहे, त्याला हा अर्धा तास जड जाऊ नये.

आमच्या पेठांतील पत ही पिढ्यान्‌पिढ्यांच्या शब्दावर उभी आहे. ग्राहकाने विश्वासाने दिलेला आकडा, पत्ता वा खातेक्रमांक ही त्याची आपल्याकडील ठेव होय, व ती सांभाळणे हे आपले कर्तव्य होय. प्रत्येक सभासदाने हा लेख वाचून होताच घरच्या संगणकातील एक्स्टेन्शनांची यादी एकवार उघडून पाहावी, एवढी विनंती करून आम्ही हा लेख पुरा करतो.